बसून दिलेलं मत

समोरून येणारा माणूस बाजूला झाला नाही, एवढंच झालं. फळांच्या दुकानापुढे फूटपाथ अरुंद होता, दुकानदाराने खोकी पार कडेपर्यंत मांडली होती, आणि राजेसाहेब आपल्या नेहमीच्या चालीने, हात पाठीमागे बांधून, मान जराशी वर धरून चालले होते. समोरून एक मध्यमवयाचा माणूस आला, काखेत कापडाची गुंडाळी, डोकं कसल्यातरी विचारात. आणि त्याचा खांदा राजेसाहेबांच्या उजव्या खांद्यावर असा आदळला, की ते अर्धे वळून थेट दुकानाकडे तोंड करून उभे राहिले, जणू फळंच घ्यायला आले होते. "जरा बघून चाला की हो, आजोबा," तो माणूस म्हणाला. रागावून नाही, समजावल्यासारखं. आणि गेलाही. दुकानदाराने विचारलं, "लागलं का?" "छे," राजेसाहेब म्हणाले. नुसतंच पुढे निघायचं बरं दिसेना, म्हणून त्यांनी उगाच संत्र्यांकडे बोट दाखवून गोड आहेत का विचारलं. दुकानदाराने त्यांच्याकडे, मग संत्र्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "खरं सांगू? आजची नाहीत."

लागलं तसं काहीच नव्हतं. पण पुढच्या कोपऱ्यापर्यंत ते त्या धक्क्याचाच विचार करत गेले. चुकलं कोणाचं? जागा एकाची होती आणि माणसं दोन. एकाने अंग चोरायला हवं होतं, खांदा तिरका करायला हवा होता. त्या माणसाने केला नाही हे खरं. पण आपण तरी कुठे केला? केला नाही म्हणजे, करावा हे सुचलंच नाही. लहानपणी थोरल्या राजांचं, म्हणजे वडिलांचं बोट धरून ते बाजारातून चालत, तेव्हा पुढची गर्दी आपोआप दोन्हीकडे सरके. मागे वळून पाहिलं की ती पुन्हा मिटलेली असे. त्यांना वाटे, रस्ते असेच असतात. पुढे राजे ही पदवी कायद्याने गेली, जमिनी गेल्या, राहती जागा आणि भोवतालची थोडी बाग उरली. पण कायद्याने पदवी काढली तरी लोकांच्या जिभेवरून ती काढायला कोण जाणार. ते निवडून आले, पुन्हा पुन्हा आले, एकदा मंत्री झाले, आणि मग तर पुढे शिपाई चालू लागले. एकाहत्तर वर्षांचं आयुष्य सरळ रेषेत चालून झालं होतं. समोरून आता एक बाई येत होती, हातात दोन पिशव्या. बघू या, म्हणून राजेसाहेब डावीकडे झाले. बाईही त्याच बाजूला झाली. ते उजवीकडे झाले, तीही झाली. मग ती थांबली आणि हसली. "आधी तुम्ही जा, काका." ते गेले. कान तापले होते. ही साधी गोष्ट शहरातल्या पोराटोरांनाही येते, आणि ती कुणी कुणाला शिकवल्याचं ऐकिवात नाही.

कोपऱ्यावर गाडी उभी होती. डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितल्यापासून ड्रायव्हर त्यांना इथे सोडायचा आणि तिथे उचलायचा. "पक्षाच्या कचेरीत ना, साहेब?" त्याने आरसा सारखा करत विचारलं. कचेरीत बैठक होती. दुपारी सभागृहात तळ्याचं विधेयक मताला येणार होतं, आणि त्याआधी सगळ्या आमदारांना एकत्र बसवून पक्षाचे अध्यक्ष पुन्हा एकदा सगळं समजावून सांगणार होते. म्हणजे कुणी काही विचारणार नाही, याची खात्री करून घेणार होते. राजेसाहेब खांदा चोळत म्हणाले, "इस्पितळात चल." ड्रायव्हर वळून बघायला लागला. "मला काही झालेलं नाही रे," ते म्हणाले. "मास्तरांना भेटून येऊ."

मास्तर म्हणजे त्यांचे विरोधक. तळ्याच्या खालच्या अंगाच्या एका गावात शाळा चालवून निवृत्त झालेला माणूस. राजेसाहेबांविरुद्ध पाच वेळा उभा राहिला आणि पाचही वेळा पडला. पडायचा तोही असा, की मतमोजणीच्या दिवशी दुपारपर्यंत दोघांच्याही माणसांना जेवण जाऊ नये. मास्तरांची मागणी एकच होती, पहिल्या सभेपासून शेवटच्या सभेपर्यंत तीच: तळ्याचं पाणी कालव्याने खालच्या गावांना द्या. तळं राजेसाहेबांच्या खापरपणजोबांनी बांधलं होतं, आणि बांधताना त्यातलं पाणी कुणासाठी हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. राजेसाहेब प्रत्येक निवडणुकीत म्हणायचे, कालवा होईल. खोटं म्हणून म्हणायचे नाहीत. मंत्री असताना त्यांनी तो सुरूही केला होता. टेकडीच्या कातळापर्यंत खणला गेला आणि तिथे थांबला. पुढचं पुढच्या अंदाजपत्रकात, असं ठरलं. मग त्याच्याही पुढच्या. कोरड्या कालव्यात आता गवत वाढायचं, गुरं उतरून चरायची आणि वर यायला वाट न सापडून हंबरत बसायची. कातळाच्या पलीकडे मास्तरांचं गाव. राजेसाहेबांनी या कामासाठी कधी आवाज चढवला नाही. आवाज चढवणं त्यांच्या अंगात नव्हतंच. भांडणारी माणसं त्यांच्याकडे यायची, ते दोघांचंही ऐकून घ्यायचे, मध्येच चहा सांगायचे, आणि माणसं शांत होऊन परत जायची. याचं त्यांना मनातून कौतुक होतं. मास्तर एका सभेत म्हणाले होते, "राजेसाहेब म्हणजे बर्फाची पेटी. भांडण आत ठेवलं की नासत नाही, आणि मिटतही नाही." लोक खूप हसले होते. राजेसाहेबांना ते कुणीतरी येऊन सांगितलं, तेव्हा तेही हसले होते.

वॉर्ड लांबट होता, दोन्ही बाजूंना खाटा, आणि फिनेलच्या वासात कुणाच्या तरी डब्यातल्या भाताचा वास मिसळलेला. मास्तर मधल्या खाटेवर उशीला टेकून बसले होते. इतका मोठा आवाज असलेला माणूस इतका थोडा उरला असेल, असं राजेसाहेबांना वाटलं नव्हतं. शेजारी स्टुलावर त्यांची सून बसली होती; ती उठून उभी राहिली, तिने स्टूल पुढे केलं आणि पाणी आणायला म्हणून बाहेर गेली. "परवा पाठवलेली फळं पोचली तुमची," मास्तर म्हणाले. "मला फळं बंद आहेत. सुनेने खाल्ली. गोड होती म्हणाली." "बरं झालं," राजेसाहेब म्हणाले. मास्तरांनी खिडकीकडे मान वळवली. "ती खाट बघा. खिडकीजवळची. वारा येतो, बाहेरचं झाड दिसतं. कालच रिकामी झाली. निवडून आलो असतो तर मिळाली असती." "मी सांगतो डॉक्टरांना." "नको," मास्तर लगेच म्हणाले. "जन्मभर कुणाचा शब्द टाकून काही घेतलं नाही." पंखा वर घरघरत होता. "सांगा," मास्तर म्हणाले. "पण मी मागितली असं सांगू नका."

राजेसाहेबांना हसू आलं. त्यांना वाटलं होतं, मास्तर आपल्याला बोलतील. बोलणी खायच्या तयारीनेच ते आले असावेत, हे त्यांना आत्ता स्टुलावर बसल्यावर कळत होतं. पण मास्तर औषधाच्या बाटलीचं झाकण फिरवत बसले होते. शेवटी राजेसाहेबांनीच विषय काढला. "आज मतदान आहे." "आहे ना. नळ टाकून सगळं पाणी शहराला. चांगलं आहे. शहराला तहान मोठी." "पक्षाचा आदेश आहे." "मी कुठे विचारलं? मताच्या वेळी तुम्ही उभे राहणार, सगळे उभे राहणार, झालं. मला आता प्यायचं पाणीसुद्धा मापाने देतात, मी कालव्याचं घेऊन काय करू?" मास्तर खोकले; खोकला थांबायला वेळ लागला. मग त्यांनी एकदम, वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला विचारावं तसं विचारलं, "एक सांगा. मी पाच वेळा उभा राहिलो तो पाण्यासाठी. तुम्ही कशासाठी उभे राहिलात हो?" प्रश्नात टोमणा नव्हता. माणसाला खरंच माहीत नसावं आणि इतकी वर्षं विचारायचं राहून गेलं असावं, तसा तो होता. राजेसाहेब म्हणाले, "लोक म्हणाले म्हणून." मास्तरांनी मान डोलावली, उत्तर बरोबर की चूक ते काही सांगितलं नाही, आणि डोळे मिटले.

लोक म्हणाले होते हे खरंच होतं. गाडीत बसल्यावर त्यांना तो दिवस स्वच्छ आठवला, इतका की समोरच्या रस्त्यावरून डोळ्यांसमोर अंगण सरकत गेलं. पदवी जाऊन वर्षही झालं नव्हतं. पहिली निवडणूक आली आणि गावोगावची माणसं अंगणात येऊन बसली, कारण मत द्यायचं म्हणजे कुणाला तरी द्यायला हवं, आणि त्यांना दुसरं कुणी माहीत नव्हतं. "धाकले राजे उभे राहिले तर बरं," एक म्हातारा म्हणाला. थोरले राजे आरामखुर्चीत बसून ऐकत होते. ते म्हणाले, "कालपर्यंत ही माणसं आपल्याला विचारून बैल विकत होती. आता आपण यांना विचारून सभेत जायचं?" मग त्यांनी पाय खाली घेतले, सपाता चाचपल्या आणि आत निघून गेले. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. मुलगा निवडून आला तेव्हा आईने साखर वाटली. वडिलांनी हात पुढे केला, साखर घेतली, आणि ती तोंडात न टाकता मूठ मिटून तशीच धरून बसले. मरेपर्यंत त्यांनी मत म्हणून कधी दिलं नाही. राजेसाहेब तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे. अंगणातल्या त्या माणसांना नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, एवढंच. आणि एकदा हो म्हटल्यावर पुढचे सगळे होकार त्याच्या मागोमाग, मेंढरांसारखे, एकापाठी एक आले. सभागृहात त्यांनी कधी भाषण केलं नाही असं नाही. उद्घाटनं, श्रद्धांजल्या, आभार, यांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण कशाच्या तरी बाजूने किंवा विरुद्ध असं बोलायची वेळ आली, की ते म्हणायचे, माझ्या आधीच्या वक्त्यांनी सगळं सांगितलंच आहे. आणि बसायचे. लोक याला मोठेपणा म्हणत.

बैठकीला ते पोचले तेव्हा ती संपत आली होती. अध्यक्षांनी दारातच हात हातात घेतला. हा माणूस वाईट नव्हता. राजेसाहेबांनीच त्याला हाताला धरून पक्षात आणलं होतं, आणि तो ते विसरला नव्हता. गेल्या आठवड्यात तो स्वतः घरी आला, चहा घेतला, बागेतल्या गुलाबांची विचारपूस केली, आणि ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, म्हणत सरळ मुद्द्यावर आला. विधेयकाला मतं भरपूर होती. विरोधक सभात्याग करून बाहेर बसणार, म्हणजे आत उरतील ते सगळे आपलेच. "पण तळं तुमच्या घराण्याचं," तो म्हणाला होता. "तुम्ही उभे राहिलात की बाहेर कुणाला तोंड उघडायला जागा उरत नाही. आणि तुमचं वय झालं असं मी म्हणणार नाही, पण पुढच्या वेळी तुमच्या जागी तुमची मुलगी. माझा शब्द." मुलगी शेजारच्याच खुर्चीत होती. ती काही आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्यांतली नव्हती. शेतीचं शिकलेली, दहा वर्षं मतदारसंघात पायपीट केलेली. कुठल्या गावात कुठली विहीर कधी आटते हे तिला तोंडपाठ होतं. अध्यक्ष गेल्यावर तीच म्हणाली, "विधेयक वाईट आहे, आबा. पण ते तुमच्याशिवायही होणार. मी आत गेले तर निदान उरलेल्या पाण्यासाठी भांडता तरी येईल. बाहेर बसून कुणाचं भलं झालंय?" ती म्हणत होती ते खरं होतं. आज सकाळी चालायला निघेपर्यंत ते खरंच होतं. आताही ते खोटं झालं नव्हतं. फक्त इस्पितळातल्या त्या खोकल्यानंतर ते थोडं लांब गेल्यासारखं वाटत होतं, दुसऱ्या खोलीत कुणीतरी बोलत असावं तसं.

सभागृहात नेहमीसारखी थंडी होती, आणि बाकांना नेहमीसारखा पॉलिशचा वास. राजेसाहेबांची जागा दुसऱ्या रांगेत, कडेला. शेजारी एक तरुण आमदार, पहिल्यांदाच निवडून आलेला, त्यांना उठता-बसता आधार द्यायला उत्सुक. विरोधी बाकं रिकामी होती. बाहेरच्या पायऱ्यांवरून त्यांच्या घोषणा येत होत्या, पण जाड काचांतून गाळून आल्यामुळे त्यातला शब्द कळत नव्हता, नुसता ठेका ऐकू येत होता. मंत्र्यांनी विधेयक मांडलं. शहराची वाढती लोकसंख्या, पाण्याचं नियोजन, भविष्याचा विचार. राजेसाहेब ऐकत होते आणि ऐकत नव्हते. त्यांना तळ्याची पाळ दिसत होती, पाळीवरून खाली पाहिलं की दिसणारी ती गवताची लांब हिरवी रेघ, जी कातळाशी येऊन पुसल्यासारखी थांबते. मग सभापती म्हणाले, "अनुकूल असतील त्यांनी उभं राहावं."

बाकं करकरली. सगळं सभागृह उभं राहिलं, आणि राजेसाहेब बसून राहिले. त्यांनी तसं ठरवलं होतं असं म्हणता येणार नाही. उठायची वेळ आली तेव्हा अंग उठलं नाही, आणि त्यांनी अंगाला उठवलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी ही जागा खालून कधी पाहिली नव्हती. भोवती नुसते कोटांचे काठ, पट्टे, कुणा बाईच्या साडीचा पदर, कुणाच्यातरी पाठीमागे धरलेल्या हातांची चुळबूळ. दाट झाडीत बसल्यासारखं शांत वाटलं. आता कळेल, ते मनाशी म्हणाले. आता सगळे वळून बघतील. तरुण आमदार वाकला. त्याच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. "राहू द्या, राजेसाहेब, तुम्ही उठू नका. मी सांगतो." आणि त्याने सभापतींकडे बघून हाताने खूण केली: आपल्या गुडघ्यांकडे बोट दाखवून, मग राजेसाहेबांकडे. सभापती प्रेमाने हसले. "ज्येष्ठ सभासदांनी बसून मत दिलं तरी सभागृहाची हरकत नसावी." सगळीकडे हसू पसरलं, आपुलकीचं हसू, घरातल्या म्हाताऱ्याला खुर्ची देताना असतं तसं. माणसं खाली बसली. "तर विधेयक एकमताने..." सभापतींनी समोरचा कागद उचलला.

त्या क्षणी राजेसाहेबांना जे वाटलं ते सुख होतं. साप मेला होता आणि काठीही शाबूत होती. आपण उभे राहिलो नाही, हे आपल्याला माहीत. मास्तरांना गाठून सांगता येईल, आणि मास्तर काही कुणाला सांगत बसणार नाहीत. मुलीचं तिकीट जागच्या जागी, अध्यक्षांचा शब्द जागच्या जागी, गुडघ्यांचं निमित्त आयतं चालून आलेलं. आयुष्यात असं कितीदा झालं होतं. नुसतं गप्प राहायचं, की गोष्टी आपापल्या जागी जाऊन बसतात. ते सुख अंगात पसरत पसरत पोटापर्यंत आलं आणि तिथे त्याची चव बदलली. समजा, मास्तरांना सांगितलं, मी बसून होतो. मास्तर विचारतील, कुणी पाहिलं? आणि पाहिलं तर सगळ्यांनी होतं. सगळ्यांनी पाहिलं होतं आणि त्यांना एक म्हातारा दिसला होता. जन्मात एकदा नाही म्हटलं, आणि तेही होकाराच्या खात्यात जाऊन पडलं होतं. सभापती कागदावरची ओळ बोटाने शोधत होते. राजेसाहेबांनी बाकाची कड धरली आणि ते उभे राहिले.

टाळ्या सुरू झाल्या. आधी त्यांना कळेना कशासाठी. मग कळलं: गुडघे दुखत असताना म्हातारा हट्टाने उभा राहून मत देतोय, असं सगळ्यांना वाटलं होतं. अध्यक्ष पहिल्या रांगेतून वळून, डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवत होते, आणि त्यांचे डोळे ओले झाल्यासारखे दिसत होते. तरुण आमदाराने कोपराखाली हात दिला. राजेसाहेबांनी तो हळूच बाजूला केला आणि टाळ्या थांबायची वाट पाहत उभे राहिले. टाळ्या बराच वेळ चालल्या. "सभापती महोदय," मग ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, उद्घाटनाला असायचा तसा, "मी बसलो होतो तो गुडघ्यांमुळे नाही. माझं मत विरोधात आहे. तशी नोंद व्हावी." बाहेरचा ठेका एकदम मोठा ऐकू यायला लागला. "माझं म्हणणं एवढंच आहे, की या तळ्याखाली..." पुढ्यातल्या ध्वनिक्षेपकाचा लाल दिवा विझला. त्यांचे ओठ आणखी एक-दोन शब्द हलले, ते त्यांनाच ऐकू आले. सभापतींनी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "नोंद घेतली. विधेयक बहुमताने संमत." आणि पुढचा विषय पुकारला. तो रस्त्यांवरच्या दिव्यांचा होता. राजेसाहेब बसले. तरुण आमदार बाकावर जरासा सरकला. वीतभर, फार नाही.

काही कोसळलं नाही. हे त्यांना चमत्कारिक वाटलं. त्यांनी रस्त्यांवरच्या दिव्यांची सबंध चर्चा ऐकली. चहाच्या सुट्टीत अध्यक्ष त्यांना लांबच्या व्हरांड्यात घेऊन गेले, जिथे मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या असत. "काय केलंत हे, राजेसाहेब?" त्यांनी विचारलं, आणि विचारताना ते रागावलेले कमी आणि दुखावलेले जास्त होते. "मुलीचं मी बघणार होतो." "माहीत आहे." "आता नाही बघता येणार." "तेही माहीत आहे." अध्यक्ष बराच वेळ एका खुर्चीचा निखळलेला हात बसवायचा प्रयत्न करत राहिले. "आधी सांगायचंत तरी. आजारी पडला असतात. मीच पाडलं असतं तुम्हाला आजारी." यावर दोघेही थोडं हसले, आणि मग हसण्यासारखं काही उरलं नाही.

उन्हं उतरता उतरता ते बाहेर आले. गाडी दाराशी होती, पण ड्रायव्हर नव्हता. मुलगी स्वतः चालवायला बसली होती. ड्रायव्हरला तिने घरी पाठवलं होतं. राजेसाहेब नेहमीच्या सवयीने मागचं दार उघडायला गेले, मग पुढे येऊन तिच्या शेजारी बसले. तिला सगळं कळलेलं होतं, हे ती गियर टाकत होती त्यावरून दिसत होतं. चार चौक गेले. मग ती म्हणाली, "गुडघे दुखतात असंच राहू दिलं असतंत तर कुणाचं काय बिघडलं असतं?" "गुडघे दुखत नव्हते." "आबा, मी चेष्टा करत नाहीये." "मीही नाही." तिची हनुवटी तिच्या आईसारखी पुढे आली होती. "दहा वर्षं," ती म्हणाली. "उन्हातान्हात, धुळीत. तुम्हाला एक मत द्यायचं होतं, ते तुम्ही माझी दहा वर्षं मोजून दिलंत. आणि मला साधं विचारलंसुद्धा नाही." राजेसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. काहीतरी सारवासारव करावी, असं जिभेवर आलं. वेळ मारून नेणारी वाक्यं त्यांच्याकडे आयुष्यभराची साठलेली होती. "हो," ते म्हणाले. "तुझी होती ती. मी खर्चली." ती यासाठी तयार नसावी. तिने गाडीचा वेग कमी केला, आणि मग रस्त्याच्या कडेला, एका चहाच्या टपरीशी, गाडी थांबवूनच टाकली.

ती उतरून गेली. काचेतून त्यांना ती दिसत होती: टपरीवरच्या बाईशी काहीतरी बोलताना, मागे उभ्या असलेल्या दोन माणसांना वाट देताना, एका हाताने डोळ्यांवर आलेले केस मागे सारताना. ती रडली असली तर तिथे, त्यांच्याकडे पाठ करून रडली. परत आली तेव्हा तिच्या हातात दोन कागदी पेले होते. एक त्यांच्या हातात देत म्हणाली, "गरम आहे. सावकाश." दोघांनी चहा फुंकला. समोर एक बस थांबली, माणसं उतरली, बस गेली. "म्हणे तुम्ही आणखी काहीतरी बोलत होता आणि त्यांनी आवाज बंद केला," ती म्हणाली. "कुणी सांगितलं?" "सगळ्यांनी. फोन थांबला नाही माझा. काय बोलणार होता?"

राजेसाहेबांनी पेला गुडघ्यावर ठेवला. त्यांनी पुढचं वाक्य तयार केलेलं नव्हतं. उभे राहिले तेव्हा ते आपोआप येत होतं, आणि दिवा विझल्यावर कुठे गेलं कुणास ठाऊक. ते थांबत थांबत बोलायला लागले. तळं कुणी बांधलं आणि कुणाकडून बांधून घेतलं. दगड वाहणारी माणसं खालच्या गावांतली होती, कामापुरती वर राहिली, आणि पाणी भरल्यावर त्यांना खाली पाठवून दिलं. थोरले राजे पाळीवर उभे राहून छडीने ती गावं दाखवत, पण नावं घेत नसत. कालवा खणताना पहिल्या दिवशी बायका मुलांना कडेवर घेऊन बघायला आल्या होत्या, आणि तो कातळाशी थांबला त्या दिवशी बघायला कुणीच नव्हतं, आपणही नव्हतो. हे पाणी शहराला दिलं तर शहराची एक पिढी भागेल. नाही दिलं तर शहर दुसरीकडून आणेल, त्याला आणता येतं. खाली राहणाऱ्यांना दुसरीकडून आणता येत नाही, एवढाच फरक आहे. ते बोलत होते आणि त्यांचा आवाज हळूहळू उद्घाटनाचा राहिला नव्हता. मध्येच अडखळत होता, मध्येच एकाच गोष्टीवर पुन्हा येत होता. मुलगी स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत ऐकत होती. "म्हणून माझं म्हणणं एवढंच होतं," ते शेवटी म्हणाले, "की या तळ्याखाली आठ गावं आहेत, आणि त्या आठ गावांचा..."

"अकरा," ती म्हणाली.

"काय?"

"अकरा गावं आहेत, आबा. आठ तुमच्या वेळी होती. वरून उठवलेल्या तीन वस्त्यांची गावं झाली, त्यालाही पंधरा वर्षं होऊन गेली." तिने आपला पेला चुरगळून दाराच्या कप्प्यात टाकला, गाडीची किल्ली काढून घेतली आणि त्यांच्याकडे वळून नीट बसली. चेहऱ्यावरचा राग गेला नव्हता. "असं बोलून चालणार नाही. बाहेर लोकांपुढे बोललात की कुणीतरी तोंडावर सांगेल, राजेसाहेबांना आपली गावंसुद्धा मोजता येत नाहीत. पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

राजेसाहेबांनी निवलेल्या चहाचा एक घोट घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.